दारातला षटकोन

आमच्या दारातली रांगोळी पुसता येत नव्हती. दादाने ती दगडात बसवली होती. काळ्या ग्रॅनाइटमध्ये पांढऱ्या आणि विटकरी तुकड्यांचा एक षटकोन, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत त्रिकोणांची चांदणी. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकलं की थेट तिच्यावरच पडायचं. दादा गेल्यावर या रांगोळीचं काय करायचं आणि वहिनीचं काय करायचं, हे दोन प्रश्न आमच्या घरात एकदमच उभे राहिले. वहिनीला याच घरात राहायचं होतं. आईला ते नको होतं.

दादा फरशी आणि टाइल्स बसवायचा. विजापूर रोडच्या बाजूला नवे फ्लॅट उठत गेले तशी त्याच्या हाताखाली माणसं आली, दुचाकीच्या जागी छोटा टेम्पो आला. याच काळात फुलाफुलांच्या टाइल्स बघता बघता मागे पडल्या. लोक मोबाइलवर कुठले कुठले फोटो घेऊन यायचे आणि त्यात सगळं कोनाकोनांचं असायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीला षटकोन, बाथरूमला माशाच्या काट्यासारख्या तिरक्या पट्ट्या, देवघराच्या मागे त्रिकोण.

मी फर्निचरच्या एका दुकानात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. तिथेही तेच. हॉलच्या एका भिंतीवर तीन रंगांचे त्रिकोण हवेत, सोफ्यावरच्या उशांना चौकटी हव्यात, घड्याळावर आकडे नकोत. षटकोनी फळ्यांना सगळ्यांत जास्त मागणी. त्या फळीत खरं तर काही मावत नाही. एक पितळी हत्ती आणि एक प्लॅस्टिकचं रोप ठेवलं की ती भरते, आणि खालच्या दोन तिरक्या बाजूंवर धूळ साठते ती कुणालाच पुसता येत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. मला तसंही कुणाला काही सांगायला फारसं जमत नाही. मी रेघा मारते आणि मालक बोलतात.

मला आईने इंग्रजी शाळेत घातलं होतं. दादा महापालिकेच्या शाळेत गेला. आई टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची, दोघांना तिथे पाठवणं जमण्यासारखं नव्हतं, आणि मोठा असूनही मागे राहायला दादाच तयार झाला. त्याने याचा राग कधी धरला नाही, चेष्टा मात्र केली. एकदा जेवताना त्याने टाइलचा नमुना ताटाशेजारी ठेवला आणि मला विचारलं, हे तुझ्या शाळेत काय म्हणतात. मी म्हटलं, हेक्सागॉन.

"तू हेक्सागॉन म्हण, मी षटकोन म्हणतो, गिऱ्हाईक म्हणतंय मधाचं पोळं," तो म्हणाला. "बसवायचं मलाच."

वहिनी सांगोल्याकडची. माहेरी शेळ्या-मेंढरं, थोडी जमीन, आणि पाऊस चुकला की टँकरची वाट. लग्नानंतर ती अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. टॉवेल आणि उशांचे अभ्रे घड्या घालून पिशव्यांत भरायचं काम. सकाळी आठच्या आत तिथे पोचायचं. त्याच्या आधी सडा, रांगोळी, डबे. रांगोळी तिने कधी चुकवली नाही. पंधरा ते आठ ठिपके ती न मोजता टाकायची. मधल्या ओळीत पंधरा, मग दोन्हीकडे एकेक कमी करत आठपर्यंत. ठिपके टाकून झाले की रेघ न मारताच तिथे षटकोन दिसायला लागायचा. एकदा या नादात तिची रिक्षा चुकली आणि अर्धा दिवस बुडाला. संध्याकाळी दादा म्हणाला, थांब, तुला कायमचीच काढून देतो.

त्या रविवारी तिने खडूने जमिनीवर काढून दाखवलं, मी ते कॉम्प्युटरवर मापात बसवलं, आणि दादाने साइटवर उरलेले तुकडे आणून कापले. पाण्याची धार, कटरचा आवाज, आणि आई आतून ओरडतेय की धूळ पिठात येतेय. बसवून झाल्यावर त्याने ओल्या स्पंजने पुसलं आणि मागे सरून उभा राहिला. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आता सकाळी म्या करू काय?"

"चहा पी बसून."

"आन् दुसरी काढावी वाटली तर?"

"हिच्यावरच काढ की. दगड न्हाई म्हणतोय व्हय?"

शेजारच्या अक्का बघायला आल्या. त्यांच्या घरी पूर्वी माग होते, घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांनी फोटो काढून लेकीला पाठवला. मीही एक फोटो काढला, तो मालकांनी दुकानातल्या नमुन्यांत लावला. रांगोळी न काढण्याचेही दिवस असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. सुतकात दारात रांगोळी नसते हे पाचवीतल्या मुलीलाही ठाऊक असतं. आईला ठाऊक होतं, अक्कांना होतं, वहिनीला होतं. पण रांगोळी दगडात बसवताना ते कुणी बोललं नाही. त्या दिवशी तसं बोललं असतं तर आम्ही त्या माणसाला अभद्र म्हटलं असतं.

उन्हाळ्यात, एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर कटर चालवताना दादाला शॉक लागला. वायर एका जागी सोललेली होती. त्याचा जोडीदार बाहेर सिमेंट कालवत होता. त्याने लाकडाने वायर उडवली आणि दादाला टेम्पोत घातलं. हा जोडीदार पहिल्यापासून त्याच्याबरोबर होता. दोघं एकत्र काम शिकले होते. मला दुकानात फोन आला. दवाखान्यातलं मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरी आणलं. आमच्या गल्लीत सपाट जागा तेवढीच, दारासमोरची. तिथेच पाट ठेवून त्याला अंघोळ घातली. पाणी ग्रॅनाइटवरून वाहिलं आणि धूळ जाऊन पांढऱ्या रेघा एकदम उठून दिसायला लागल्या. जमलेल्या बायका आधी त्याच्याकडे बघत होत्या, मग एकेक करून खाली बघायला लागल्या. सगळ्यांना ते दिसलं हे मला कळलं. अक्का माझ्याजवळ आल्या.

"मयताच्या दारात रांगोळी नको गं. झाक काहीतरी."

मी आत गेले आणि काय घ्यायचं ते मला सुचेना. शेवटी अक्कांनीच त्यांच्याकडचं बारदान आणलं. ते पसरून त्यावर बांबू ठेवले आणि तिरडी बांधली. दादाला नेल्यावर बारदान उडू नये म्हणून कुणीतरी चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. बारदान थोडं आखूड होतं. षटकोनाचं एक टोक बाहेर राहिलं होतं.

पुढचे दिवस भेटायला येणारी माणसं त्या बारदानावर चपला काढायची. वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची. तिथून खिडकीतून दार दिसतं.

दहाव्याला सांगोल्याहून तिचा मोठा भाऊ आला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो आईशी बोलत होता. हळू आवाजात, नीट बोलत होता. तेरावं झालं की हिला घेऊन जातो म्हणाला, हिचं वय काय आहे, मूल नाही, पुढचं बघायला पाहिजे. मग थोडं थांबून म्हणाला की शेजारच्या गावात एक स्थळ आहे, बायको वारलेली, दोन लेकरं, डाळिंबाची बाग आहे. तो हे चांगल्या मनाने सांगत होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. आई खाली मान घालून ऐकत होती.

"न्या," ती म्हणाली.

वहिनीने ते आतून ऐकलं होतं. मागच्या मोरीत भांडी घासताना तिने मला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"वन्सं, मला न्हाय जायाचं."

मी विचारलं, तिकडे कोण कोण असतं. हे मला माहीत होतं, तरी विचारलं.

"दोन भावजया हायत. त्यांची लेकरं. माझी तितं खोली न्हाय का पेटी न्हाय. टँकर आला की घागरी, न्हायतर मेंढरामागं. वर्सभर तसं ऱ्हायाचं आन् मग कुनाच्या तरी लेकरांची आई." तिने कढई उपडी केली. "हितं सकाळी कंपनीच्या दारात कार्ड लावलं की टिंग वाजतंय. माझंच वाजतंय ते. लई न्हाय मागत म्या. तेवडं ऱ्हाऊ दे."

अवघड काही बोलायचं असलं की मी ते आधी मनात इंग्रजीत जुळवते आणि मग मराठीत आणते. त्यामुळे ते बाहेर येतं तेव्हा अर्जासारखं वाटतं. आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, वहिनीची इथे राहायची इच्छा आहे, ती स्वतःचं बघू शकते, तिला राहू द्यावं. आईने तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"मी ऱ्हायले की," ती म्हणाली. "काय झालं माझं?"

माझे वडील मी दोन वर्षांची असताना वारले. माढ्याकडच्या त्या घरात आईला कुणी जा म्हटलं नाही आणि राहाही म्हटलं नाही. दोन मुलं घेऊन ती सोलापुरात आली. यापलीकडे तिने आम्हाला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एवढंच म्हणाली की दाराची कडी दोनदा बघितल्याशिवाय तिला अजून झोप येत नाही, असलं जिणं या पोरीला कशाला. थोड्या वेळाने ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ती समोर आली की तो दिसतो. तिच्या मागं उभा असल्यागत."

तेरावं झालं. वहिनीने भावाला सांगितलं की काम एकदम सोडता येत नाही, महिनाभर आधी कळवावं लागतं. हे खरं होतं की तिने ठरवून सांगितलं होतं, मी विचारलं नाही. भाऊ म्हणाला, ठीक, महिन्याने येतो.

बारदान काढायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, वर्षश्राद्धापर्यंत राहू दे. पण बारदान ही काही वर्षभर टिकायची वस्तू नव्हे. वळवाच्या सरींनी ते भिजलं, कुजल्यासारखा वास यायला लागला, गल्लीतलं कुत्रं त्यावर येऊन झोपायला लागलं. रोज सकाळी वहिनी विटा बाजूला करायची, बारदान उचलून षटकोन फडक्याने पुसायची आणि पुन्हा झाकायची. कुणी बघू नये म्हणून ती हे लवकर करायची. आई बघत होती. गल्लीतल्याही कुणी कुणी बघितलं असावं. नळावर एकीने आईला विचारलं म्हणे, तुमच्यात वर्षाच्या आत रांगोळी चालती का.

त्याच महिन्यात दुकानात एक जोडपं आलं. नमुन्यांतला आमच्या दाराचा फोटो त्यांना आवडला. बाई म्हणाल्या, हे एंट्रन्सला मस्त दिसेल, फक्त काळा नको, राखाडी करा, आणि लाल आहे तिथे मोहरीसारखा पिवळा. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती फाइल माझ्याकडेच होती. मी तिचे रंग बदलले, मापं त्यांच्या दाराची घातली आणि प्रिंट काढून दिली. बाई खूश झाल्या. त्यांनी विचारलं, ही मूळ कल्पना कुणाची. मी म्हटलं, घरातलीच. त्यांना वाटलं मी लाजतेय.

महिना संपायला दोन-तीन दिवस असतील. आदल्या रात्री वादळी पाऊस झाला होता. सकाळी आईने दार उघडलं तर बारदान गटारात जाऊन पडलेलं आणि षटकोन धुऊन स्वच्छ, काल बसवल्यासारखा. आईने पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. ती उंबऱ्याच्या आत खाली बसली. वहिनी डब्याची पिशवी खांद्याला लावून निघायच्या बेतात होती. मी तिच्या मागे.

"ह्ये आणि तू," आई म्हणाली. "दोन्ही रोज डोळ्यापुढं. माझ्याच्यानं न्हाई होत."

मला वाटलं वहिनी रडेल. ती रडली नाही. तिने पिशवी खाली ठेवली.

"मग एक काढा, आत्या."

आईने वर पाहिलं.

"ह्ये काढा," वहिनी म्हणाली आणि पायाने दाखवलं.

"त्याच्या हातचं हाय ते."

"व्हय. म्या पन त्येच्याच हातची हाय. दोन्ही न्हाय बघवत म्हन्ताय तर एक काढा."

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "काढल्यावर मागनं मला बोल लावशील."

"न्हाय लावनार."

"काढ तर," आई म्हणाली आणि भिंतीला धरून उठली.

वहिनीने त्या दिवशी सुट्टी टाकली. दादाच्या जोडीदाराला मी फोन केला. तो हातोडा, छिन्नी घेऊन आला, उकिडवा बसला, आणि एका सांध्यावरून अंगठा फिरवत राहिला. सांधा कुठला ते हाताला लागतही नव्हतं.

"भाभी, मेरे से नै होता," तो म्हणाला. "भाई के हात का है."

वहिनीने त्याच्या हातातून हातोडा घेतला. छिन्नी कशी तिरकी धरायची, कडेपासून कसं सुरू करायचं ते त्याने दाखवलं. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो आमच्याकडे पाठ करून गाडीवर बसला. गेला नाही.

तिने ओढणी नाकातोंडावर बांधली. पहिली पांढरी पट्टी निघायलाच खूप वेळ लागला, कारण दादाने काम पक्कं केलं होतं. ग्रॅनाइट अख्खं निघत नाही, त्याच्या कपच्या उडतात. एक कपची तिच्या मनगटाला लागली. मी म्हटलं, मी करते थोडं, पण माझे घाव बोथट पडत होते. तिने हातोडा परत घेतला. मी तुकडे गोळा करायला घमेलं आणलं आणि मधली चांदणी निघाली तर वेगळी ठेवू, असं म्हटलं.

"काय ठिवू नका, वन्सं. ठिवलं की कुटंतरी बसवावं लागतंय."

चांदणी फुटलीच. तिच्याखाली सिमेंटवर दातेरी थापीचे ओढलेले चर होते, नांगरल्यासारखे, आणि त्यांच्यामधून दोऱ्याने मारलेली एक निळी रेघ गेली होती. मध्य काढण्यासाठी मारतात ती. रेघ थेट आमच्या दाराच्या मध्यावर रोखलेली होती. वहिनी थांबली. हातोडा मांडीवर ठेवून ती त्या रेघेकडे बघत बसली. नळाला पाणी आलं, गल्लीत घागरींचा आवाज सुरू झाला. मग तिने छिन्नी निळ्या रेघेवरच टेकवली.

आई पूर्ण वेळ आत होती. घाव पडायचा तेव्हा कपाटातली भांडी हलायची, ते तिला ऐकू येत असणार.

दुपारी जोडीदार उठून आला. हे मी करतो म्हणाला. त्याने खड्डा साफ केला, साधं सिमेंट भरलं, थापीने सारखं केलं आणि वर एक फळी टाकून दिली. त्याने आमच्याकडचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी फळीवरून कामावर गेली. मला सुट्टी होती. अकराच्या सुमाराला बाहेर जीप थांबली. वहिनीचा भाऊ होता, बरोबर आणखी एक माणूस, त्याने जीपमधून उतरायचं टाळलं. आई दारात गेली.

"फळीवरनं या. ओलं हाय अजून."

तो आत येऊन बसला. घरात नजर फिरवून म्हणाला, बांधाबांध झाली का. आई म्हणाली, ती कामावर गेली आहे, संध्याकाळी येते. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, तुमीच न्या म्हनला हुता."

"म्हणले होते."

"ती मान्सं थांबल्यात तिकडं. म्या शब्द दिलाय."

"मी काय तिला बांधून ठेवलं न्हाई," आई म्हणाली. "तिलाच विचारा."

मी चहा आणला. त्याने तो बशीत ओतला आणि प्यायला नाही. बशीवर साय धरली. जाताना तो फळीवर उभा राहून, आत न बघता म्हणाला की उद्या काही झालं तर आमच्या दाराला यायचं नाही, तिनेही नाही, तुम्हीही नाही. आईने मान हलवली, जशी ती भाजीवाल्याचा भाव ऐकून हलवते तशी. जीप गल्लीत वळायला खूप वेळ लागला.

संध्याकाळी वहिनी आली. चपला हातात घेऊन ती फळी ओलांडून आत आली. आई जमिनीवर मेथीची जुडी सोडून बसली होती. तिने सगळं सांगितलं. जीपमध्ये दुसरा माणूस होता तेही, चहा प्यायला नाही तेही, आणि शेवटी फळीवर उभा राहून काय म्हणाला तेही. काही गाळलं नाही.

वहिनी ऐकत उभी होती. मग तिने विचारलं, "रडत हुता का?"

"न्हाई. चिडला होता."

"रडला असता तर परत आला असता," वहिनी म्हणाली. "आता न्हाय यायचा."

तिने चपला कोपऱ्यात ठेवल्या, हात धुतले आणि आईच्या समोर बसून जुडीतली अर्धी मेथी आपल्याकडे ओढली. आईने मधलं सूप थोडं तिच्या बाजूला सरकवलं. अंधार पडेपर्यंत दोघी निवडत होत्या. एकमेकींकडे त्यांनी पाहिलं नाही.